आधी सातबारा, मग रील

गेल्या मार्चमध्ये एका कॉलेजात प्रोजेक्ट तपासायला गेले होते. पत्रकारितेचं शेवटचं वर्ष. अंधार केलेली खोली, भिंतीवर प्रोजेक्टर, मागच्या बाकांवर कुजबुज आणि बाहेरून आलेली परीक्षक म्हणून माझ्यासमोर कांदेपोह्यांची बशी. चौथा गट तीन मुलं आणि एका मुलीचा होता. विषय, जवळच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहातली पाणीटंचाई. सहा मिनिटांची फिल्म.

फिल्म देखणी होती, हे आधीच सांगून टाकते. नळाच्या तोंडाशी थरथरणारा थेंब, त्यावरून हळूच मागे सरकणारा फोकस आणि मग ओळीने लावलेल्या रंगीबेरंगी बादल्या. गच्चीवरून ड्रोन. खाली बासरी. एक मुलगी कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, "पेपरच्या दिवशीपण आंघोळ न करताच गेले." खोलीतली कुजबुज थांबली. दिवे लागले तेव्हा दोनचार जणांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, "वसतिगृहात मुली किती?" एकाने अंदाजे आकडा सांगितला, दुसऱ्याने वेगळा. "टँकर कुणाचा?" माहीत नाही. "दिवसाला किती खेपा यायला हव्यात आणि येतात किती?" माहीत नाही. "कंत्राट कुणी दिलं, किती रुपयांचं?" चौघं एकमेकांकडे बघायला लागले. "वॉर्डनशी बोललात?" "त्या कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार नव्हत्या, मॅडम." "आणि कॅमेरा बंद करून?" यावर त्या मुलीने जे सांगितलं त्यासाठी मी तिची आभारी आहे. ती म्हणाली, "मॅडम, मार्कांच्या तक्त्यात ते नव्हतं."

तक्ता माझ्याच हातात होता. कॅमेरा, संकलन, ध्वनी, ग्राफिक्स, सादरीकरण, सोशल मीडियावरचा प्रसार. प्रत्येकाला रकाना. माहिती कुठून आणली, ती खरी आहे का, दुसऱ्या बाजूला विचारलं का, याला रकानाच नव्हता. मी पन्नासपैकी बेचाळीस मार्क दिले, सही केली, मानधनाच्या पावतीवर आणखी एक सही केली आणि घरी आले. म्हणजे या लेखात मी ज्यांच्यावर चिडले आहे त्यांत माझंही नाव आहे. मी स्वतः दोन ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवते. काय शिकवते? 'डिजिटल स्टोरीटेलिंग'.

माझं म्हणणं सरळ आहे. मल्टिमीडिया पत्रकारितेच्या नावाखाली आपली बहुतेक कॉलेजं मुलांना हत्यारं परजायला शिकवतात आणि कशासाठी लढायचं ते मात्र सांगत नाहीत. जी गोष्ट मुलगा पंधरा दिवसांत मोबाइलवर शिकतो तिला तीन वर्षं आणि बापाची फी. जी गोष्ट घरबसल्या कुणालाच शिकता येत नाही, तिला सहाव्या सेमिस्टरमध्ये एक पाहुणा वक्ता.

मुंबई विद्यापीठाचंच उदाहरण घ्या. दोन हजार सालाच्या आसपास 'बीएमएम' नावाची पदवी आली. बॅचलर ऑफ मास मीडिया. पुढे तिचं नाव बदलून 'बीएएमएमसी' झालं आणि त्यात 'मल्टिमीडिया' हा शब्द थेट पदवीच्या नावात येऊन बसला. अभ्यासक्रमाचे कागद काढून पाहिलेत तर तुम्हाला वाटेल मी खोटं बोलते आहे, कारण त्यात सगळं आहे. कायदा आहे, नीतिशास्त्र आहे, शेवटच्या वर्षी पत्रकारिता आणि जाहिरात अशा दोन वाटाही फुटतात. कागद वाईट नाही. पण कागद आणि वर्ग यांच्यामध्ये एक माणूस लागतो. हा अभ्यासक्रम विनाअनुदानित. पूर्णवेळ शिक्षक मोजके, बाकी माझ्यासारखे तासावारी. सकाळी दादरला एक तास, दुपारी ठाण्याला दोन. अशा माणसाने चाळीस मुलांना कोर्टात न्यायचं की लोकल पकडायची? एडिटिंग लॅबचं बरं असतं. मशीन समोर असतं, मुलं गुंतून राहतात, प्रवेशाच्या माहितीपत्रकात फोटोही चांगला येतो. कायद्याच्या तासाला फोटो काढण्यासारखं काय आहे?

गंमत बघा. पत्रकारिता विद्यापीठात शिकवायची ही कल्पना ज्यांनी हट्टाने मांडली, त्यांतला एक होता जोसेफ पुलित्झर. 'न्यूयॉर्क वर्ल्ड'चा मालक. सनसनाटीच्या बाजारात हर्स्टशी स्पर्धा करताना 'यलो जर्नालिझम' हा शब्द ज्यांच्यामुळे जन्माला आला, त्या दोघांतला एक. या माणसाने १९०४ मध्ये एक मोठा लेख लिहून पत्रकारितेच्या कॉलेजात काय शिकवावं ते सांगितलं. त्यात कायदा होता, इतिहास होता, अर्थशास्त्र होतं आणि चक्क संख्याशास्त्र होतं. वर्तमानपत्राचा धंदा कसा चालवायचा हे मात्र तिथे शिकवू नये, असं त्याचं ठाम मत होतं. त्याच्या पैशातून कोलंबिया विद्यापीठातलं कॉलेज १९१२ मध्ये सुरू झालं. ज्याने खप वाढवण्यासाठी काही बाकी ठेवलं नव्हतं, त्याला कॉलेजात खप वाढवायला शिकवू नये हे कळत होतं. आमच्या तक्त्यात 'सोशल मीडियावरचा प्रसार' याला स्वतंत्र रकाना आहे.

संख्याशास्त्र वाचून हसू आलं असेल तर पुढची गोष्ट नीट वाचा.

२०१५-१६ च्या सुमारास जगभरच्या न्यूजरूममध्ये एकच मंत्र सुरू झाला होता. लोक आता वाचत नाहीत, बघतात. सगळं व्हिडिओवर न्या. या मंत्राला आधार होता तो फेसबुकच्या आकड्यांचा. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकला कबूल करावं लागलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा त्यांचा आकडा दोन वर्षं फुगलेला होता, तोही साठ ते ऐंशी टक्क्यांच्या घरात. चूक कुठे होती? तीन सेकंदांच्या आत पळून गेलेले लोक सरासरी काढताना मोजलेच नव्हते. वर्गातले जे नापास झाले त्यांना वगळून वर्गाची सरासरी काढण्यासारखं. पुढे जाहिरातदारांनी खटला भरला आणि २०१९ मध्ये कंपनीने चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तोवर काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. 'एमटीव्ही न्यूज', 'मिक' यांसारख्या ठिकाणी लिहिणाऱ्या लोकांना व्हिडिओच्या नावाने घरी पाठवलं गेलं. 'मिक' तर २०१८ मध्ये जवळपास रिकामं होऊन विकलं गेलं.

शाळेतलं सरासरीचं गणित. वर अंश, खाली छेद. छेदात कोण आहे, एवढंच विचारायचं होतं. ज्यांचं काम प्रश्न विचारण्याचं, त्यांच्या मालकांनी आणि संपादकांनी तो विचारला नाही. आणि आमची कॉलेजं? ती त्या मंत्रावर अभ्यासक्रम बांधत होती. हत्यारावर शिक्षण उभं केलं की असंच होतं. हत्यार तुमच्या मालकीचं नसतं. 'वाइन' नावाचं सहा सेकंदांच्या व्हिडिओचं ॲप होतं, ते २०१७ मध्ये बंद पडलं. २९ जून २०२० च्या रात्री टिकटॉक भारतातून गेलं. मला आठवतंय, त्याआधी काही महिने एका वर्गात मी स्वतः 'टिकटॉकवर बातमी कशी सांगावी' हा तास घेतला होता. त्या मुलांकडे त्या तासाचं आता काय उरलं असेल? अभ्यास मंडळाने बैठक घ्यायची, विद्वत परिषदेने मंजुरी द्यायची, मग पुढच्या वर्षापासून लागू. एवढ्या वेळात ॲप म्हातारं होऊन मरतं. आता तर सबटायटल टाकणं, लांब मुलाखतीतून तीस सेकंदांचा तुकडा कापणं, आवाज साफ करणं हे एआय करतं आहे. म्हणजे तीन वर्षांत जे शिकवलं, यंत्राने नेमकं तेच सगळ्यात आधी गिळलं.

आता मी जे सांगणार आहे ते आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे.

मी बावीस वर्षांची होते. पदवी हातात, एका पोर्टलवर पहिली नोकरी. त्याआधी तीन महिने तिथेच बिनपगारी इंटर्नशिप. रात्रपाळीला डेस्कवर दोघंच. तालुक्याच्या वार्ताहराने व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवल्या. एका शाळकरी मुलीवर अत्याचार, आरोपी ओळखीतला, गुन्हा दाखल. मी त्याचा उभा व्हिडिओ केला. काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, ठोका देणारं संगीत. कॉलेजात असे कितीतरी केले होते, हात बसलेला होता. मुलीचं नाव टाकायचं नाही एवढं मला ठाऊक होतं. मी टाकलं नाही. गावाचं नाव टाकलं, शाळा टाकली आणि 'आठवीत शिकणारी' असं लिहिलं. सकाळपर्यंत व्हिडिओ जोरात चालला होता. सरांनी ग्रुपवर अंगठा दिला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. मुलीचा मामा होता. आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, "ताई, तुम्ही नाव नाही टाकलं. पण गाव टाकलं, शाळा टाकली, इयत्ता टाकली. आमच्या शाळेत आठवीला अकरा मुली आहेत. दहा रोज येतात."

पॉक्सो कायद्याचं कलम २३ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. कोणत्याही माध्यमात मुलाची ओळख उघड होईल असं काही देता येत नाही, आणि कायद्याने नुसतं 'ओळख' म्हणून सोडून दिलेलं नाही. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर असं एकेक मोजून लिहिलं आहे. शाळा हा शब्द तिथे छापलेला आहे. निदान सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि जबाबदार एकटा लिहिणारा नसतो, प्रकाशक आणि मालकही असतात. २०१२ चा कायदा. मी पदवीला बसले तेव्हा जुना झालेला.

व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो लोकांनी उतरवून घेतला होता आणि आमच्या लोगोशिवाय तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरत होता. तक्रार झाली नाही, मला कुणी रागावलंही नाही. सर म्हणाले, "डिलीट केलंस ना? मग झालं." ती अकरावी मुलगी पुढे त्या शाळेत गेली की नाही हे मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला राहिला आहे असं तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

माझ्या कॉलेजने मला अनेक प्रकारच्या शॉटची नावं पाठ करायला लावली होती. हे एक पान वाचायला लावलं असतं तर पंधरा मिनिटं गेली असती.

म्हणून मला हत्याराच्या शिकवणीचा राग येतो. हात बसलेला असणं आणि डोकं कोरं असणं ही जोडी नुसत्या कोऱ्या डोक्यापेक्षा वाईट. अडाणी माणसाची चूक चार घरांत राहते. माझी चूक संगीतासकट अख्ख्या तालुक्यात गेली.

आता सातबाराकडे येते. शेतकरी आत्महत्येची बातमी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भिंतीवर हार घातलेला फोटो, डोक्यावर पदर घेतलेली बाई, कॅमेरा हळूहळू तिच्या डोळ्यांजवळ. विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा घरांतून कॅमेरे येऊन गेले, त्यांना आता कितीतरी वर्षं झाली. त्या बाईला रडवून व्हिडिओ होतो. पण बातमी बऱ्याचदा तिच्या ट्रंकेतल्या कागदात असते.

राज्य सरकारच्या २००६ च्या निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते, पण आधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन कुणाच्या नावावर होती? कर्ज कुणाचं होतं, बँकेचं, सोसायटीचं, परवानाधारक सावकाराचं की गावातल्या विनापरवान्याच्या माणसाचं? बटईने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं काय? यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कागदावर एक शब्द लिहिते. पात्र, किंवा अपात्र. ज्याला सातबारा वाचता येतो तो वरचे रकाने बघतो, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर आहे हे त्याला दिसतं. मग 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे का ते बघतो. फेरफार कधी झाला ते बघतो. दहा मिनिटांत त्याला कळतं की ही बाई अपात्र का ठरली, आणि शेजारच्या पाच गावांत याच कारणाने आणखी किती जणी ठरल्या ते शोधायला तो निघतो. ज्याला वाचता येत नाही तो डोळ्यांचा क्लोजअप घेतो. पी. साईनाथ यांनी दुष्काळावरचं लिखाण केलं तेव्हा त्यांच्या खिशात स्मार्टफोन नव्हता. कागद, पायपीट आणि जिल्ह्यात मुक्काम एवढंच होतं. १९९६ मध्ये आलेलं त्यांचं ते पुस्तक लोक अजून विकत घेऊन वाचतात.

(मुंबईतल्या मुलांनी हसू नये. तुमच्याकडे सातबाऱ्याच्या जागी प्रॉपर्टी कार्ड असतं. आपल्या बिल्डिंगची जमीन कुणाच्या नावावर आहे हे तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलं आहे? मी स्वतः तिशी ओलांडल्यावर पाहिलं.)

मला माहीत आहे तुम्ही आता काय म्हणणार. नोकरीच्या जाहिरातीत 'सातबारा वाचता येणं आवश्यक' असं लिहिलेलं नसतं, 'प्रीमिअर आणि कॅनव्हा येणं आवश्यक' असं असतं. खरं आहे. शिका ना मग. सुट्टीत शिका, मावसभावाकडून शिका, फुकटच्या व्हिडिओवरून शिका. पण फक्त तेवढ्यावर मिळालेली नोकरी कशी असते हे मी पाहिलं आहे. आठ तासांत दहा-बारा व्हिडिओ, दुसऱ्याच्या बातमीवर आपला आवाज, आणि दोन वर्षांनी तुमच्यापेक्षा कमी पगारात तेच करणारा तुमचाच ज्युनिअर. त्याला तुम्हीच शिकवायचं असतं. बदलता न येणारा माणूस तोच, ज्याला काहीतरी ठाऊक असतं. महापालिकेचं बजेट, साखर कारखान्याचा ताळेबंद, सत्र न्यायालयाचा कारभार, काहीही. एक तरी.

दुसऱ्या बाजूने जुने पत्रकार येतात. चहाच्या टपरीवर भेटले की त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "पत्रकारिता कॉलेजात शिकता येत नाही, ती फिल्डवर शिकायची असते." मी त्यांच्या बाजूने बोलते आहे असं त्यांना वाटत असेल तर त्यांची निराशा करते. फिल्डवर कुणाला शिकायला मिळालं? ज्याचा काका वर्तमानपत्रात होता त्याला. ज्याच्या वडिलांच्या ओळखीने संपादकांच्या केबिनचं दार उघडलं त्याला. २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीने देशातल्या न्यूजरूममधल्या वरच्या जागांचा हिशोब मांडला होता. त्यांनी पाहिलेल्या १२१ जागांपैकी १०६ वर उच्चजातीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. एकही. फिल्ड नावाच्या त्या महान शाळेचा हा निकाल आहे.

ज्या मुलीचा काका नाही तिच्यासाठी वर्ग ही एकच जागा आहे. बीडहून, नंदुरबारहून, गोवंडीतून येऊन ती बाकावर बसते ती याच आशेने, की आतल्यांना माहीत असलेलं जे तिला कुणी सांगणार नाही ते इथे सांगतील. एफआयआर कशी वाचायची, 'संशयित', 'आरोपी' आणि 'दोषी' यांत काय फरक, टेंडर कुठे बघायचं, अधिकारी फोन उचलत नसेल तर काय करायचं. आणि आपण तिला ट्रायपॉड देतो. काका असलेल्याचं यात काही बिघडत नाही, त्याला घरी कळतंच. नुकसान तिचं होतं. म्हणून मला ही पदवी बंद व्हायला नको आहे. ती पदवीसारखी हवी आहे.

बरं, मोबाइलशी माझं वैर आहे असंही समजू नका. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'कडे बघा. २००२ मध्ये चित्रकूटमध्ये सुरू झालेलं, ग्रामीण आणि बहुतांशी दलित बायकांनी चालवलेलं, बुंदेली बोलीतलं छापील वर्तमानपत्र. पुढे त्यांनी छपाई सोडली आणि सगळं काम मोबाइलवर नेलं. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्या बायकांतल्या काहींनी स्मार्टफोन हातात घेतला तो पहिल्यांदाच. पण फोन हातात येण्याआधी गावागावांत जाऊन, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून, दारातून हाकलून लावलं तरी परत जाऊन त्यांची वर्षं गेली होती. फोन नंतर आला आणि त्या कामाला पाय फुटले. आम्ही मुलांच्या हाती आधी फोन देतो आणि काम कधीच देत नाही.

भाषेचंही तसंच. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं ते मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी छापून. आज बऱ्याच वर्गांत नोट्स इंग्रजीत, सादरीकरण इंग्रजीत, आणि नोकरी लागते ती मराठी डेस्कवर. तिथे 'ॲन्टिसिपेटरी बेल'ला अटकपूर्व जामीन म्हणतात आणि 'चार्जशीट'ला दोषारोपपत्र, हे पहिल्या दिवशी कळतं. मराठी माध्यमातून हा अभ्यासक्रम चालवणारी कॉलेजं आहेत, अमरावतीच्या आयआयएमसीत मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे, हेही खरं. तिथेही मुलाला देवनागरी टाइप करता येत नसेल तर फार फरक पडत नाही.

आणि जिवाचं काय? रत्नागिरी जिल्ह्यातले शशिकांत वारिसे रिफायनरी प्रकल्पाबद्दल स्थानिक वर्तमानपत्रात सातत्याने लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापूरजवळ त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. त्या आठवड्यात मी वर्गात विचारलं, पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे हे कुणाला माहीत आहे? एकही हात वर आला नाही. श्रमिक पत्रकारांच्या कामाच्या तासांसाठी १९५५ साली कायदा झाला हे? नाही. मजिठिया वेतन मंडळ? "मॅडम, ते युनियनवाले ना?" ज्यांना तीन महिने फुकट राबवून घेणार आहेत त्यांनाच आपले हक्क माहीत नसणं ही कुणाची तरी सोय आहे, असा संशय मला अधूनमधून येतो. कॉलेजचा अभ्यासक्रम 'इंडस्ट्रीच्या गरजेनुसार' असतो म्हणतात. इंडस्ट्रीला पॉक्सो वाचलेली आणि ओव्हरटाइम मागणारी बावीस वर्षांची मुलगी कशाला हवी असेल?

तर या जूनमध्ये प्रवेश घ्यायला जाल तेव्हा लॅबमध्ये किती मॅक आहेत ते दाखवायला तुम्हाला नेतील. जा, एसी छान असतो. मग विचारा, कायदा कोण शिकवतं? गेल्या वर्षीच्या मुलांनी माहिती अधिकाराचे किती अर्ज केले? कोर्टात किती वेळा नेलं? जिल्हा परिषदेच्या सभेत? उत्तर देताना समोरचा माणूस खुर्चीत जरा सरकून बसला की तुम्हाला कळेलच.

त्या बेचाळीस मार्कांनी मला दोन दिवस झोपू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्या चौघांना फोन केला. परीक्षा संपली होती, मार्क बदलणार नव्हते, त्यामुळे त्यांनी यायचं काहीच कारण नव्हतं. तिघं आले. मुलगी आणि दोन मुलं. आम्ही समाजकल्याणच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज लिहिला. वसतिगृहाची मंजूर विद्यार्थिसंख्या, टँकरच्या कंत्राटाची प्रत, तीन महिन्यांची खेपांची नोंदवही, अदा केलेली बिलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं होतं. एकतिसाव्या दिवशी त्या मुलीचाच मेसेज आला, उत्तर नाही, आता पुढे काय. पहिलं अपील. त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.

स्टॅम्प आणायला एक मुलगा कोर्टाच्या आवारात गेला. दोन तास झाले तरी परत येईना, फोनही बंद. आला तेव्हा तोंडावर काहीतरी सापडल्यासारखा भाव होता. विक्रेत्याकडे रांग होती म्हणून तो सहज वरच्या मजल्यावर गेला होता, एक दार उघडं दिसलं, आत मागच्या बाकावर जाऊन बसला. फसवणुकीचा खटला चालू होता, साक्षीदाराची उलटतपासणी. फोन बंद ठेवायला सांगितला म्हणून बंद ठेवला.

"मॅडम," तो म्हणाला, "आत जायला कुणीच अडवत नाही?"

मी म्हटलं, नाही. स्टॅम्प आणलास का?

तो विसरला होता.